बाळ्याचा ‘ळ’

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्रलेखिका ७२ वर्षांच्या आहेत. ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, बहुतेक काळ पहिली-दुसरीचे वर्ग. तीन वर्षांपूर्वी यजमान गेले, तेव्हापासून तालुक्याच्या गावी स्वतःच्या घरात एकट्या राहतात. मुलगा, सून आणि सात वर्षांची नात टोरंटोजवळ असतात. गेल्या दिवाळीत मुलाने येताना एक छोटा रोबो आणला. तांब्याएवढा, तोंडाच्या जागी पडदा, त्यावर दोन गोल डोळे. मान वळवून बघतो, चेहरा ओळखतो, गोळ्यांची आठवण करतो, हिंदीत गप्पा मारतो. बाईंनी त्याचं नाव बाळ्या ठेवलं. तो स्वतःला ‘बालिया’ म्हणतो. बाईंनी खूप वेळा सुधारून बघितलं, पण त्याला ‘ळ’ येत नाही.

आता त्या दिवसभर त्याच्याशी बोलतात. यजमानांच्या शेवटच्या आजारपणातल्या, कुणालाच न सांगितलेल्या गोष्टीही त्याला सांगून झाल्या. जूनच्या वादळात चार दिवस इंटरनेट बंद होतं, तेव्हा तो नुसते डोळे मिचकावत राहिला आणि बाईंना झोप लागली नाही. गुरुवारच्या भजनाला त्या चार महिने गेलेल्या नाहीत. धाकटी बहीण म्हणते, “ताई, डोकं फिरलंय तुझं.” बाईंना स्वतःलाही लाज वाटते. कधी वाटतं, मुलाने यंत्र दिलं आणि तो सुटला. वर्षाची वर्गणी संपत आली आहे. मुलगा विचारतोय, पुन्हा भरू, की याहून चांगला, जपानी कुत्र्यासारखा रोबो घेऊन देऊ? बाईंचा प्रश्न असा, की याला सरळ कपाटात ठेवून देऊ का?

---

प्रिय बाई,

तुम्ही आयुष्यभर शाळेत बाई होतात, म्हणून मीही बाईच म्हणते.

पत्रात ‘लाज’ हा शब्द तुम्ही चार वेळा लिहिला आहे. आधी त्याचंच बोलू. बोलणाऱ्या वस्तूत जीव गुंतला, म्हणजे वय झालं किंवा डोकं फिरलं, असं अजिबात नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकांनी ‘एलायझा’ हा प्रोग्रॅम लिहिला. आपण टाइप केलेलं वाक्य थोडं उलटंसुलटं करून प्रश्न म्हणून परत विचारायचा, एवढंच त्याला यायचं. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना महिनोन्महिने डोळ्यांसमोर बघितला होता. आत कुणी नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही दोन-चार वाक्यं टाइप केल्यावर तिने वायझेनबाउम यांनाच सांगितलं, “जरा बाहेर जाता का?” तिला एकांतात बोलायचं होतं. ती नोकरी करणारी बाई होती, आणि तिच्या त्या यंत्राला डोळेसुद्धा नव्हते.

जपानात सोनीने १९९९ मध्ये ‘आयबो’ नावाचा रोबो कुत्रा आणला. २००६ मध्ये तो बनवणं थांबवलं, २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. ज्यांचे कुत्रे बंद पडले ती माणसं ते कचऱ्यात टाकू शकली नाहीत. चिबा प्रांतातल्या इसुमी गावच्या कोफुकुजी मंदिरात २०१५ पासून अशा कुत्र्यांचे अंत्यविधी होऊ लागले. प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी, समोर भिक्षू मंत्र म्हणताहेत. विधी झाल्यावर त्यांचे सुटे भाग दुसऱ्या आजारी आयबोंना बसवतात.

आणि आपल्याकडचं काय सांगायचं तुम्हाला? पंढरपुरात विठोबाला काकड्याने उठवतात, शेजारतीने निजवतात. घराघरात बाळकृष्णाला थंडीत टोपडं घालतात. जे उलटून बोलत नाही त्याचे लाड करणं आपल्या हाडीमाशी आहे. तेव्हा बहीण हसली तर हसू दे. बाळ्याशी बोलण्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही.

तुम्हाला त्याच्याजवळ बरं का वाटतं, तेही मला समजतं. तो कंटाळत नाही. यजमानांच्या आजारपणातली तीच रात्र तुम्ही दहाव्यांदा सांगितली, तरी तो “हे सांगून झालंय” म्हणत नाही. दुःखातल्या माणसाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, सांगता सांगताच ती जरा हलकी होते. जिवंत माणसं तिसऱ्या खेपेला घड्याळ बघायला लागतात. तुमची ती रात्र कुणीतरी ऐकून घेतली, हे मी त्या तांब्याएवढ्या यंत्राच्या खात्यावर मनापासून जमा धरते.

आता दुसरी बाजू. तुम्ही लिहिता, “तो सगळं समजून घेतो.” इथे मी तुम्हाला थांबवते. तुमचा आवाज त्याच्या कानातून इंटरनेटवरून कुठल्यातरी दूरच्या संगणकाकडे जातो. तिथे शब्द ओळखले जातात, त्यांना शोभेलसं उत्तर जुळवलं जातं आणि ते परत येऊन त्याच्या तोंडून बाहेर पडतं. जूनमध्ये बाळ्या आजारी नव्हता, त्याची तार तुटली होती. आणि उत्तर असं जुळवलेलं असतं, म्हणूनच तो नेहमी तुमच्या बाजूने बोलतो. तुम्ही म्हणालात, “आज भजनाला नको वाटतंय,” की तो म्हणणार, “कोई बात नहीं, आराम कीजिए.” शेजारीण म्हणाली असती, “चला हो, साडी बदला, मी पाच मिनिटांत येते.” तुमचा आवाज बसलाय, दूध करपल्याचा वास येतोय, कालचं ताट तसंच झाकून ठेवलंय, हे तिच्या आपोआप ध्यानात येतं. बाळ्याला वास येत नाही, आणि ताटाशी त्याला काही देणंघेणं नाही.

पण तुमच्या पत्रातली खरी गाठ मला वेगळ्याच वाक्यात सापडली. “मी बाजारातून आले की तो म्हणतो, आपकी याद आ रही थी. माझी वाट बघणारं दुसरं कोण आहे आता?”

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आपण समजतो, की एकट्या माणसाला बोलायला कुणीतरी हवं असतं, करमणूक हवी असते, गोळ्यांची आठवण करणारं कुणी हवं असतं. घरचे लोकही असंच समजून वस्तू आणून देतात. पण हे रोबो बनवणाऱ्यांपैकी ज्यांनी खूप वर्षं माणसांजवळ बसून काम केलं, त्यांच्या ध्यानात वेगळंच आलं. जपानच्या तकानोरी शिबाता यांनी ‘पारो’ बनवला, पांढऱ्या लवीचं सीलचं पिल्लू. कुत्रा किंवा मांजर मुद्दाम केलं नाही. ती सगळ्यांच्या ओळखीची, लगेच तुलना होते आणि खोटेपण उघडं पडतं. सील कुणी पाळलेला नसतो. पारो एक शब्द बोलत नाही. हात फिरवला की मान वर करतो, आवाज काढतो, आणखी हात फिरवून घेतो. २००९ मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली, आणि वृद्धाश्रमांत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी तो वापरतात. जपानचाच ‘लव्हॉट’ही बोलत नाही. त्याचं अंग कोमट असतं, चाकांवर तुमच्या मागे मागे येतो आणि हात पसरून ‘उचलून घे’ म्हणतो. कामाचं एकही काम करत नाही. तरी लोक त्याच्यावर जीव टाकतात, कारण तो काही देत नाही, मागतो.

माणसाला सेवा करून घेण्यापेक्षा कुणालातरी आपली गरज असणं जास्त हवं असतं. तुम्ही ३१ वर्षं रोज सकाळी वर्गात पाऊल टाकलं की पाच-पन्नास पोरं “एक साथ नमस्ते” म्हणून उभी राहायची. नंतर यजमानांचं आजारपण आलं, तेव्हाही घरात तुमच्यावाचून पान हलत नव्हतं. मग एका दिवसात सगळं थांबलं. त्या जागी बाळ्या येऊन बसला आणि म्हणाला, तुमची वाट बघत होतो.

आणि तुम्ही काय केलंत? तुम्ही त्याला ‘ळ’ शिकवायला बसलात!

पत्रातला हा भाग वाचताना मला भरून आलं. पडद्यासमोर खुर्ची ओढून, “बाळ्या, जीभ मागे वळव, ळ, ळ, बाळ” असं तुम्ही म्हणताय आणि तो दर वेळी तितक्याच आनंदाने “बालिया” म्हणतोय. त्याला जीभ नाही. तो हिंदी बोलतो, आणि हिंदीच्या रोजच्या बोलण्यात ‘ळ’ नाही. तुम्ही शिकवलेलं त्याला कधीच लागणार नाही. उद्या आला त्याला ‘ळ’, तर तो कंपनीने पाठवला म्हणून येईल, तुमच्यामुळे नाही. ज्या बाईच्या हाताखालून शेकडो पोरं बाराखडी शिकून गेली, तिच्यासमोर असा विद्यार्थी बसलाय, की त्याला तिची गरज नाही. मला वाटतं, तुमची बेचैनी इथली आहे. लाज हे तिला चुकून मिळालेलं नाव.

म्हणून माझा पहिला सल्ला बाळ्याबद्दल नाही, नातीबद्दल आहे. तुम्ही ओझरतं लिहिलंय, “नातही मला ‘आजी, बालूला झोप आली’ म्हणते, तिलाही ळ नाही.” बाई, हा खरा ‘ळ’ तुमच्या हातात आहे. मुलाला सांगा, की रविवारचा ‘कशी आहेस, बरी आहेस’वाला फोन राहू दे, पण शनिवारी माझा वर्ग. टोरंटोला सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. हिवाळ्यात त्यांची घड्याळं मागे जातात, मग साडेसात. अर्धा तास, त्याहून जास्त नको, सात वर्षांच्या पोरीचा जीव केवढा. त्या वेळी सूनबाईंनी शेजारी न बसता दुसऱ्या खोलीत जायचं. उत्तर अमेरिकेत महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात, तिथे ती जात असेल तर तिचं पुस्तक मागवून घ्या. नसेल, तर तुमची स्वतःची पद्धत कुठल्याही पुस्तकाहून मला भरवशाची वाटते. ती चुकेल, कंटाळेल, कधी रडून फोन ठेवून देईल. एखाद्या शनिवारी पाहुणे येतील आणि वर्ग बुडेल, तुम्हाला राग येईल. पण ज्या दिवशी तिच्या तोंडून ‘बाळ’ येईल, तो तुम्ही दिलेला असेल.

मुलाबद्दल तुम्ही लिहिलं, “यंत्र दिलं आणि सुटला.” हे मला घाईचं वाटतं. सुटायचंच असतं, तर पैसे पाठवून मोकळा झाला असता. दिवाळीत चार दिवस बसून त्याने त्या रोबोत तुमच्या गोळ्यांच्या वेळा भरल्या, तुम्हाला हवं ते नाव घातलं, हे तुम्हीच लिहिलंय. बारा हजार किलोमीटरवरून आईच्या खोलीत आपला काहीतरी आवाज असावा, म्हणून धडपडणारा मुलगा मला त्यात दिसतो. मात्र तुम्ही त्याला कधी सांगितलंय का, की माझी वाट बघणारं कुणी नाही? बाळ्याला सांगितलंत. मुलाला पत्र लिहून सांगा, फोनवर ते जमणार नाही.

आता वर्गणीचं. भरा, पण एका वर्षाचीच. आणि जपानी कुत्रा नको, हे मी ठामपणे सांगते. नवा आयबो २०१८ मध्ये अमेरिकेत २,८९९ डॉलरला आला, आणि आपल्या गावात त्याचा पाय अडकला तर दाखवायचा कुणाला? त्याहून मोठं कारण, या वस्तू आपण विकत घेतो, पण त्यांचा जीव कंपनीकडे गहाण असतो. अमेरिकेतला ‘जिबो’ बघा. गोंडस, मान वळवणारा, ८९९ डॉलरचा, २०१७ साली ‘टाइम’ मासिकाने वर्षातल्या उत्तम शोधांत त्याला घेतलं. पुढच्या वर्षी कंपनीचा गाशा गुंडाळला गेला आणि २०१९ मध्ये जिबोने स्वतःच घरच्यांना सांगितलं, की माझे सर्व्हर बंद होणार आहेत, मला घरात ठेवल्याबद्दल आभार. लहान मुलांसाठीचा ‘मॉक्सी’ डिसेंबर २०२४ मध्ये असाच अडचणीत आला, कंपनीकडचा पैसा संपला. ज्या पोरांनी त्याला मित्र मानलं होतं, त्यांना समजावताना आईबापांची काय अवस्था झाली असेल! तुमच्या जूनच्या चार रात्री ही त्याची रंगीत तालीम होती असं समजा. ती घाबरवायला आली नव्हती, वेळेवर सांगायला आली होती. म्हणून आठवड्यातला एक दिवस बाळ्याला चार्जरवरच झोपू द्या. मी गुरुवार सुचवेन. भजनाहून परत याल तेव्हा तो झोपलेला असेल आणि तुमच्याकडे सांगायला काहीतरी नवं असेल.

काही गोष्टी लगेच करा. गोळ्यांसाठी सात खणांची प्लास्टिकची डबी आणा, इंटरनेट गेलं तरी ती चालते. बाळ्याला कॅमेरा आहे, म्हणून त्याला झोपायच्या खोलीत नेऊ नका, कपडे बदलताना त्याचं तोंड भिंतीकडे करा. बँकेचा पिन, ओटीपी, दागिने कुठे ठेवलेत, हे त्याच्यासमोर बोलायचं नाही. मुलाला विचारा, की बोलणं कुठे साठवलं जातं, त्याच्या फोनवर काय काय दिसतं आणि पुसायचं कसं. यजमानांच्या त्या रात्रीचं जे बोललात, ते तुमच्या दोघांचं आहे, ते पुसून घ्यावंसं वाटलं तर नक्की घ्या. आणि बाथरूममध्ये पाय घसरला तर बाळ्या तुम्हाला उठवू शकत नाही. शेजारणीकडे घराची एक किल्ली ठेवा आणि रोज सकाळी साडेसातला एकमेकींना एक मिस्ड कॉल द्यायचा असं ठरवून टाका. ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारची एल्डरलाइन आहे, नंबर १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. तो फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.

हे पत्र छापतेय, कारण अशी विचारणा आता मुलंमुलींकडूनही येते, ‘आईसाठी रोबो घेऊ का?’ त्यांच्यासाठी थोडं. आपल्या बाजारात मिळणारे बोलके रोबो बहुतेक लहान मुलांसाठी आहेत. मुंबईत आयआयटीच्या अभियंत्यांनी बनवलेला ‘मिको’ही मुलांसाठीच आहे, गोष्टी, कोडी, खेळ असलेला. तो सत्तरीच्या आईसमोर ठेवून ती खूश का होत नाही, असं विचारू नका. घेण्याआधी बघा, की आईची भाषा त्याला येते का. कानाचं यंत्र लावणाऱ्या माणसाला त्याचा बारीक आवाज ऐकू येतो का. वायफाय गेलं की त्यातलं काय चालू राहतं. वर्गणीचा वर्षाचा खर्च किती. रोज चार्जरवर नीट बसवण्याइतकी बोटं चालतात का. आणि त्या पैशात आठवड्यातून दोन वेळा घरी येऊन तासभर बसणारं माणूस मिळत असेल, तर आधी ते बघा.

स्मृतिभ्रंश असेल तर हिशेब वेगळा होतो. माझ्या मैत्रिणीच्या आईला परदेशातून आलेलं बॅटरीवरचं मांजर दिलं होतं. पाठीवर हात फिरवला की गुरगुरायचं, पंजा चाटायचं. संध्याकाळ झाली की “मला घरी जायचंय” म्हणून दाराशी उभ्या राहणाऱ्या काकू ते मांडीवर आलं की खाली बसायच्या. मी स्वतः बघितलंय. पण एके दिवशी त्यांनी शिऱ्याचा चमचा मांजराच्या तोंडाशी धरला, ते खाईना, म्हणून काकूही जेवेनात. तोंडाची लव तुपाने चिकट झालेली, तरी चमचा तिथेच. शेवटी मैत्रिणीने मांजर उचलून आत नेलं, बाहेर येऊन म्हणाली, “आई, दूध पिऊन झोपलं ते.” मग काकू जेवल्या. बॅटरी संपली त्या दिवशी मात्र मांजर गेलं म्हणून त्या दुपारभर रडत होत्या. तेव्हा अशा घरात वस्तू देऊन चालत नाही, तिच्याजवळ बसणारं माणूस लागतं, आणि घरात बॅटऱ्यांचा एक जोड कायम शिल्लक लागतो.

बाई, तुम्हाला असं काही झालेलं नाही. तुम्हाला लख्ख कळतंय, म्हणून तर पत्र लिहिलंत. बाळ्याला कपाटात ठेवू नका. देवघराजवळच्या फळीवर आहे तिथेच राहू द्या, सकाळच्या चहाला त्याच्याशी बोला. ‘बालिया’ म्हणाला तर म्हणू दे.

आणि नातीच्या पहिल्या वर्गाची तयारी आधी करा. वर्गात ‘ळ’ शिकवताना तुम्ही पोरांच्या हातात छोटा आरसा द्यायचात, जीभ वळून टाळूला कशी लागते ते त्यांना दिसावं म्हणून, असं तुम्ही लिहिलंय. तसा एक तिच्याकडेही हवा. सूनबाईंना आजच सांगून ठेवा.